भिंतीवरची ऊ

डेल्फ्टचा कापडव्यापारी अँटनी व्हान लेवेनहुक याचं सूक्ष्मदर्शक तळहातात मावे. पितळेच्या दोन पट्ट्या, मधे मण्याएवढं एकच भिंग, पुढे सुई. सुईच्या टोकावर नमुना ठेवायचा, स्क्रू पिळून सरकवायचा आणि पट्टी डोळ्याला जवळजवळ चिकटवून उजेडाकडे बघायचं. पाण्यात वळवळणाऱ्या इवल्या जीवांबद्दल त्यानं 1676 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलं, तेव्हा तिथल्या विद्वानांना ते पटेना. पटणार कसं? बघणारा डोळा एकच! पुढच्या वर्षी सोसायटीच्याच रॉबर्ट हुकनं सभासदांना ते जीव प्रत्यक्ष दाखवले, तेव्हा कुठे विश्वास बसला.

सगळ्यांनी एकदम बघायची सोय झाली ती अठराव्या शतकात, तीही उन्हाच्या भरवशावर. 1740 च्या सुमारास योहान लीबरक्यून या जर्मन वैद्यानं लंडनमध्ये सौर सूक्ष्मदर्शक दाखवलं. तिथल्याच उपकरणकार जॉन कफनं त्याला आरसा जोडला. खोली अंधारी करायची, खिडकीच्या झडपेला भोक पाडून हे नळकांडं बसवायचं. आरशावरून आत आलेलं ऊन नमुन्यातून आणि भिंगातून समोरच्या पडद्यावर पडे आणि त्यावर पुरुषभर लांबीची ऊ अवतरे. आभाळ भरून आलं की खेळ खलास.

शाळांमध्ये मात्र एकाच सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा बघायला रांगच लागत राहिली.

1999 मध्ये इंटेल आणि मॅटेल यांनी संगणकाला जोडायचं ‘क्यूएक्स थ्री’ सूक्ष्मदर्शक आणलं. होतं खेळणंच, पण 10, 60 आणि 200 पट मोठं दाखवणारं. आता काही सूक्ष्मदर्शकांचा पडदा यंत्रावरच असतो, आणि ऊन नसलं तरी चालतं.