चित्राखालचे वाक्य : ॲजाइल पद्धतीचा इतिहास

#धागा

१/ सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करणाऱ्या एखाद्या मित्राला ॲजाइलचा इतिहास विचारून पाहा. ‘पूर्वी वॉटरफॉल नावाची जुनाट पद्धत होती, २००१ साली १७ जणांनी जाहीरनामा लिहिला आणि नवे युग सुरू झाले,’ असे उत्तर बहुधा मिळेल. कथा सुटसुटीत आहे. मूळ साधने उघडली की मात्र तिचे दोन्ही खांब डळमळू लागतात. या धाग्यात आपण ते तपासणार आहोत.

२/ आरंभ १९६८ पासून करू. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ या विषयावर परिषद भरवली. यंत्रांची क्षमता झपाट्याने वाढत होती, परंतु त्यांच्यासाठी लिहिले जाणारे प्रोग्राम मुदती चुकवत होते आणि खर्चाची अंदाजपत्रके ओलांडत होते. ‘सॉफ्टवेअर संकट’ हा शब्दप्रयोग याच चर्चांमधून रूढ झाला.

३/ संकटावरचा उपाय त्या काळाच्या अर्थकारणाने सुचवला. संगणकाचा वेळ तेव्हा माणसाच्या वेळेपेक्षा महाग होता. प्रोग्राम पंच कार्डांवर उतरवायचा, तो संगणक-केंद्राच्या स्वाधीन करायचा आणि उत्तराची वाट पाहायची, अशी रीत होती. अशा परिस्थितीत सारे काही आधी कागदावर ठरवून मगच यंत्राकडे जावे, हा विचार शहाणपणाचाच होता. आज तो हास्यास्पद वाटतो, याचे कारण यंत्र स्वस्त झाले.

४/ ऑगस्ट १९७० मध्ये विन्स्टन रॉइस या अमेरिकी अभियंत्याने मोठ्या सॉफ्टवेअर प्रणालींच्या व्यवस्थापनावर एक निबंध सादर केला. अंतराळयानांच्या सॉफ्टवेअरचा नऊ वर्षांचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. निबंधातील दुसऱ्या आकृतीत सात पायऱ्या उतरत्या क्रमाने काढल्या आहेत : प्रणालीच्या गरजा, सॉफ्टवेअरच्या गरजा, विश्लेषण, आराखडा, कोडिंग, चाचणी आणि वापर. पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत पोहोचले ते याच मांडणीचे चित्र.

५/ त्या आकृतीपाठोपाठ रॉइस काय लिहितो? संकल्पना आपल्याला पटते, पण अशी अंमलबजावणी धोक्याची असून ती अपयशाला निमंत्रण देते! कारणही तो देतो. प्रोग्रामचा वेग, स्मृतीचा वापर, माहितीची देवाणघेवाण यांचा खरा अनुभव अगदी शेवटी, चाचणीच्या वेळीच येतो. तिथे दोष निघाला तर पुन्हा आराखड्याकडे किंवा थेट गरजांकडे परतावे लागते. मग वेळ किंवा खर्च दुप्पट होण्याचीही तयारी ठेवावी, असे तो बजावतो.

६/ निबंधाचा उरलेला भाग हा धोका टाळण्याच्या उपायांचा आहे. काम दोनदा करा, म्हणजे पहिली आवृत्ती शिकण्यासाठी आणि दुसरी ग्राहकासाठी, असे तो सुचवतो. ग्राहकाला आरंभापासून सामील करून घ्या, असेही सांगतो. तथापि त्याला ‘ॲजाइलचा आद्य प्रणेता’ ठरवण्याची घाईही नको. हाच रॉइस भरपूर दस्तऐवज लिहिण्याचा कमालीचा आग्रही होता. इतिहासातली माणसे आपल्या सोयीच्या चौकटीत सहसा बसत नाहीत.

७/ आणखी एक गोष्ट. ‘वॉटरफॉल’ म्हणजे धबधबा हा शब्द त्या निबंधात कुठेही नाही. तो आढळतो १९७६ मधील बेल आणि थेअर यांच्या लेखात. म्हणजे पद्धतीचा तथाकथित जनक तिच्याबद्दल सावध करतो, आणि तिचे नाव इतरांकडून येते.

८/ मग इशारा मागे पडून चित्रच पुढे का गेले? एक मोठे कारण सरकारी कंत्राटांत सापडते. टप्पा पूर्ण, कागद सादर, देयक मंजूर : असा उतरता जिना लेखापालाला मोजता येतो. १९८५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने डीओडी-एसटीडी-२१६७ हे मानक लागू केले आणि व्यवहारात ही पायऱ्यांची शिस्त कंत्राटदारांवर बंधनकारक ठरली. त्या मानकाच्या प्रमुख लेखकाने पुढे याबद्दल खेद व्यक्त केला. टप्प्याटप्प्याने फेरे घेत काम करण्याची पद्धत तेव्हा आपल्याला परिचित नव्हती, असे त्याचे म्हणणे होते. १९९४ च्या अखेरीस हे मानक मागे पडले आणि त्याची जागा अधिक लवचीक मानकाने घेतली.

९/ आता दुसरा खांब. ती ‘अपरिचित’ पद्धत खरोखर नवी होती का? १९६० च्या दशकाच्या आरंभी नासाच्या मर्क्युरी प्रकल्पातील सॉफ्टवेअर-चमू अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या फेऱ्यांत काम करत असे. प्रत्येक लहान बदलाआधी त्याच्या चाचण्या लिहिल्या जात. आज जिला ‘आधी चाचणी, मग कोड’ म्हणतात, ती रीत जाहीरनाम्याच्या चार दशके आधीची आहे.

१०/ एक प्रवाह जपानमधून आला, तोही कारखान्यांतून. १९८६ मध्ये हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स आदी कंपन्यांचा अभ्यास ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये मांडला. रिले शर्यतीत काठी हातोहात पुढे जाते. या कंपन्यांचे चमू मात्र रग्बीच्या संघासारखे चेंडू आपसांत देत एकत्र पुढे सरकतात, असे त्यांचे निरीक्षण होते. रग्बीतलाच ‘स्क्रम’ हा शब्द १९९३ मध्ये ईझेल कंपनीत जेफ सदरलँड यांच्या चमूने उचलला. १९९५ मध्ये केन श्वेबर आणि सदरलँड यांनी ही पद्धत ऑस्टिन येथील परिषदेत मांडली.

११/ याच सुमारास डेट्रॉइटच्या क्रायस्लर कंपनीत पगारपत्रकाची नवी प्रणाली रखडली होती. १९९६ मध्ये केंट बेक यांना पाचारण झाले. दोघांनी एका संगणकावर कोड लिहिणे, सतत चाचण्या, ग्राहकाचा प्रतिनिधी चमूतच, या साऱ्यातून ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ आकाराला आले. १९९७ मध्ये प्रणालीने सुमारे १०,००० कर्मचाऱ्यांचे पगार काढले. पण २००० च्या फेब्रुवारीत, सर्व कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचण्याआधीच, प्रकल्प बंद झाला. नव्या पद्धतीचे जन्मस्थानच अर्धवट राहिले, हा तपशील विजयगाथांत क्वचितच येतो.

१२/ आता ते प्रसिद्ध दृश्य. ११ ते १३ फेब्रुवारी २००१, अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड हे बर्फाळ पर्यटनस्थळ. जमलेले १७ जण, सर्व पुरुष, एरवी परस्परस्पर्धी पद्धतींचे पुरस्कर्ते होते. त्यांच्या पद्धतींना तोवर ‘हलक्या’ म्हटले जाई आणि हे विशेषण अनेकांना खटकत होते. चर्चेअंती ‘ॲजाइल’ म्हणजे चपळ हा शब्द मान्य झाला. स्नोबर्डला पद्धती जन्मल्या नाहीत. आधीच अस्तित्वात असलेल्या पद्धतींना तिथे सामाईक नाव मिळाले.

१३/ जाहीरनाम्यातील चार मूल्यांचा आशय असा : प्रक्रियेपेक्षा माणसे, दस्तऐवजांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर, कराराच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकाचे सहकार्य, योजनेपेक्षा बदलाला प्रतिसाद. आणि याच्या लगेच खाली एक वाक्य आहे. उजव्या बाजूच्या गोष्टींनाही मोल आहे, डाव्या बाजूच्या आम्हांला अधिक मोलाच्या वाटतात, एवढेच ते सांगते. हे वाक्य लक्षात ठेवा.

१४/ पद्धत उपयोगी ठरल्याचा एक ठळक दाखला एफबीआयचा आहे. तपासाच्या नोंदींसाठीची तिची पहिली प्रणाली २००५ मध्ये सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून सोडून द्यावी लागली. ‘सेंटिनल’ ही दुसरी प्रणालीही अडकली. २०१० मध्ये ४५ कोटी १० लाख डॉलरांपैकी ४० कोटी ५० लाख संपले होते आणि चारपैकी दोनच टप्पे हाती आले होते. तेव्हा संस्थेने काम स्वतःकडे घेतले, लहान चमू आणि लहान फेरे स्वीकारले. जुलै २०१२ मध्ये प्रणाली सुरू झाली.

१५/ यशामागोमाग बाजार आला. प्रमाणपत्रे, प्रशिक्षणे, सल्लागार, ठरावीक वेळेच्या बैठका. २०१४ मध्ये जाहीरनाम्याचे एक सहलेखक डेव्ह थॉमस यांनी ‘ॲजाइल’ हा शब्द मेला असल्याचे जाहीर केले. विशेषणाचे नाम झाले आणि नाम विकता येते, हा त्यांचा मुद्दा. २०१८ मध्ये दुसरे सहलेखक रॉन जेफ्रीज यांनी लिहिले की वरून लादलेल्या ‘ॲजाइल’मुळे प्रोग्रामरांच्या वाट्याला अधिक हस्तक्षेप आणि अधिक दडपण येते. माणसांना प्रक्रियेच्या वर ठेवणारा विचार स्वतःच प्रक्रिया बनला होता.

१६/ १९७० च्या आकृतीपाठोपाठ इशारा होता, २००१ च्या चार ओळींखाली तोल सांभाळणारे वाक्य होते. दोन्ही वेळी सुटसुटीत भाग पसरला आणि त्याला लगटून असलेले वाक्य मागे राहिले. याची किंमत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी मोजली : आधी निरर्थक कागदांच्या ढिगाने, नंतर निरर्थक बैठकांनी. पुण्यातील एखाद्या कार्यालयात रोज सकाळी उभ्याने होणारी बैठक माणसांना बोलण्यासाठी आहे की हजेरी घेण्यासाठी, हा प्रश्न म्हणूनच इतिहासाचाही आहे.

१७/ तेव्हा ‘अमुक पद्धत अमुक व्यक्तीने शोधली’ असे विधान कुठे दिसले, की मूळ साधन काढा, चित्र पाहा, आणि मग चित्राखालचे वाक्यही वाचा. समाप्त.