नाणेघाट ते माळशेज : दरड का कोसळते?

मंडळी, हट्ट्यात बसून घाटातल्या दरडींवर बोलायचं म्हणजे तुम्हाला वाटेल, हे काय काढलं? आपल्याकडे डोंगर कुठे आणि घाट कुठे! पण परभणीहून वसमतला जाणारा आपला रस्ता आठवा. तो राष्ट्रीय महामार्ग ६१. हाच रस्ता पश्चिमेकडे पाथरी, माजलगाव, पाथर्डी, अहिल्यानगर करत माळशेज घाट उतरतो आणि मुरबाडवरून कल्याणला पोहोचतो. कामासाठी कल्याण-ठाण्याकडे निघालेला आपला माणूस त्याच कड्याखालून जातो. म्हणून हा विषय आपलाही आहे.

आता जरा मागे जाऊ. माळशेजच्या जवळच नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, पैठणचा माल याच वाटेनं कल्याणच्या बंदराकडे जाई. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. पण वाट कशी आहे बघा. डोंगराच्या घळीतून वर चढणारी, अरुंद, दगडी पायऱ्यांची. माणूस आणि लादलेलं जनावर जाईल एवढीच. तिच्यासाठी डोंगराची कूस उभी कापावी लागली नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे पावसाळा. चातुर्मासात लांबचा प्रवास टाळायचा आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, ही जुनी रीत. तिच्यामागे धर्म होता तसा व्यवहारही होता. नद्या भरलेल्या, वाटा निसरड्या. मग जायचं कशाला?

चाकं आली आणि हे बदललं. चाकाला पायऱ्या चालत नाहीत, हळूहळू चढत जाणारा उतार लागतो. तो हवा तर डोंगराच्या कडेनं रस्ता कोरत न्यावा लागतो. बोरघाटातला गाडीरस्ता गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, १८३० साली खुला झाला. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे आली, २५ बोगदे खोदून. त्या कामावर एका वेळी ४० हजारांवर मजूर राबत होते. पटकीनं किती माणसं नेली, त्याची धड गणतीही नाही.

कोरलेला डोंगर पडतो का? याचं उत्तर तुमच्या विहिरीत आहे. विहीर खोदताना आधी मुरूम लागतो, मग काळा कातळ, मग मऊ मांजऱ्या, पुन्हा कातळ. सह्याद्रीही असाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर. काळ्या कातळाला उभ्या भेगा असतात. त्यांतून पाणी खाली उतरतं, मऊ थरावर अडतं आणि तो थर झिजवतं. खालचा आधार गेला की वरचा कातळ लटकतो, आणि एक दिवस सुटतो. रस्त्यासाठी आपण डोंगर उभा कापतो तेव्हा हे सगळे थर उघडे पडतात. निसर्गाला वेळ लागला असता, ते काम आपण लवकर करून देतो.

१९ जुलै २०१५ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ धावत्या गाड्यांवर दगड आले, माणसं गेली. त्यानंतर सुटे दगड काढणं, कड्यांना लोखंडी जाळ्या मारणं, ही कामं जोरात झाली. २०२४ च्या पावसाळ्यात माळशेजमध्ये रिक्षावर दरड पडली, तिथंही प्रवासी दगावले. म्हणजे एका घाटात जाळी लागली म्हणून दुसऱ्या घाटातला माणूस सुरक्षित होत नाही.

जुन्या लोकांसारखं चार महिने घरी बसा, असं मी म्हणणार नाही. पोटापाण्याला निघालेल्या माणसाला ते परवडत नाही. म्हणूनच कड्यावरच्या पाण्याला वाट काढून देणं, भेगा दरवर्षी मृगाच्या आधी तपासणं, हे रस्त्याचंच काम मानलं पाहिजे. डांबर टाकलं की रस्ता झाला, असं घाटात होत नाही.

आणि आपल्या हातात काय? मोठा पाऊस चालू असताना रात्री घाट धरू नका. धबधबा दिसला म्हणून कड्याखाली गाडी लावू नका. पाणी जिथून येतं, तिथूनच दगडही येतो. वरून बारीक खडे, माती घरंगळताना दिसली तर तिथं थांबू नका. ही खबर मागून येणाऱ्याला द्या. तो कदाचित वसमतचाच असेल.