टिमोलॉल
काचबिंदूवरील थेंबांच्या औषधांपैकी एक. बीटा-ब्लॉकर गटातील या औषधास अमेरिकेत १९७८ मध्ये मान्यता मिळाली. डोळ्यातील द्रवाची निर्मिती कमी करून ते दाब उतरवते. थेंबाचा काही अंश अश्रुनलिकेवाटे नाकात उतरून रक्तात मिसळतो. त्यामुळे दमेकऱ्यांना धाप लागू शकते, नाडी मंदावू शकते. म्हणूनच दमा वा हृदयविकार असल्यास नेत्रतज्ज्ञांना आधीच सांगणे आवश्यक असते. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा दोन मिनिटे बोटाने हलकेच दाबल्यास रक्तात जाणारे प्रमाण घटते. मात्र, डॉक्टरांना न विचारता औषध थांबवू नये. काचबिंदूत वाढलेला दाब बहुधा जाणवत नाही आणि गेलेली दृष्टी परत मिळत नाही.