भूक, दोन उंदीर आणि न पोचलेला निरोप

"तोंडावर जरा ताबा ठेव" हा आपल्याकडे फुकट मिळणारा सल्ला. लग्नाच्या पंगतीत मिळतो, दवाखान्यात मिळतो, ऑफिसच्या कँटीनमध्ये दुसऱ्यांदा भात घेतला की हमखास मिळतो. त्यामागचं गृहीतक साधं आहे. भूक सगळ्यांना सारखीच लागते, काहींना ती आवरते आणि काहींना आवरत नाही, म्हणजे दोष स्वभावाचा. हे गृहीतक कसं मोडलं ती गोष्ट मला भारी आवडते, कारण ती मुळात डीबगिंगची गोष्ट आहे.

अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या जॅक्सन लॅबोरेटरीत संशोधनासाठी उंदरांचे वंश सांभाळतात. १९४९ साली तिथे काही उंदीर भलतेच गुबगुबीत निघाले. खात सुटायचे आणि नेहमीच्या उंदराच्या तिप्पट वजनाचे व्हायचे. बिघाड एकाच जीनमध्ये होता, आणि आई-बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच दिसायचा. या वंशाला 'ओबी' म्हणू लागले. पुढे १९६६ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून दुसऱ्या एका वंशाची माहिती छापून आली. हा पण लठ्ठ, पण याला मधुमेह फार जोरात व्हायचा, म्हणून हा 'डीबी'. भूक मात्र दोघांची तशीच, न संपणारी.

आता बघा मंडळी, दोन मशीन आहेत, दोन्हीवर एरर तीच, पण बग एकच आहे की वेगवेगळे? डग्लस कोलमन नावाच्या कॅनडातून आलेल्या बायोकेमिस्टपुढे हाच प्रश्न होता. त्याने वापरलेली युक्ती ऐकायला जरा अंगावर येते. दोन उंदरांची कातडी बाजूने एकत्र शिवायची. जखम भरताना बारीक रक्तवाहिन्या जुळतात आणि एकाच्या रक्तातलं थोडं थोडं दुसऱ्यात जाऊ लागतं. थोडक्यात काय, दोन मशीनच्या मध्ये केबल टाकायची.

कोलमनने आधी डीबीला निरोगी उंदराशी जोडलं. डीबीचं खाणं काही थांबलं नाही. पण निरोगी उंदराने खाणंच सोडलं आणि काही आठवड्यांत तो उपासमारीने मेला. समोर अन्न असताना! मग डीबी आणि ओबीची जोडी लावली. डीबी तसाच खात राहिला आणि उपाशी मेला तो ओबी, तो खादाड ओबी. तिसरी जोडी ओबी आणि निरोगी. निरोगी ठणठणीत, आणि ओबीचं खाणं चक्क कमी झालं.

कागदावर मांडून बघितलं तर उत्तर एकच निघतं. 'पोट भरलंय, साठा पुरेसा आहे' असा काहीतरी निरोप रक्तातून जातो. ओबी तो निरोप पाठवूच शकत नाही, पण आलेला वाचू शकतो. डीबी धो धो पाठवतो, पण त्याला स्वतःला वाचता येत नाही. म्हणजे एकात सेंडर बिघडलाय, दुसऱ्यात रिसीव्हर. त्या आधी १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये हर्वे यांनी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला इजा केलेले उंदीर असेच जोडून पाहिले होते, आणि तिथेही जोडीदारच वाळला होता. म्हणजे रिसीव्हर कुठे असावा याचा अंदाज होता. कोलमनचे निबंध १९६९ आणि १९७३ मध्ये आले. तर्क बिनतोड होता, फक्त तो निरोप म्हणजे नक्की कोणता पदार्थ हे कोणाला सापडेना.

ते सापडायला १९९४ उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी आठेक वर्षं खपून ओबी जीन वेगळं काढलं. त्यातून बनतं एक प्रथिन, चरबीच्या पेशीत तयार होणारं. १९९५ मध्ये त्याला लेप्टिन हे नाव मिळालं, ग्रीक 'लेप्टोस' म्हणजे सडपातळ यावरून. त्याच वर्षी त्याचा रिसेप्टरही सापडला आणि डीबीमध्ये नेमका तोच मोडलेला निघाला. वीसेक वर्षांपूर्वीचा तर्क जसाच्या तसा खरा!

ॲमजेन कंपनीने लेप्टिनच्या हक्कांसाठी दोन कोटी डॉलर मोजले. इंजेक्शन घ्या आणि बारीक व्हा, असं वाटलं असणार. झालं भलतंच. १९९६ पर्यंत कळलं की बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसतं, उलट जास्त असतं. निरोप धो धो जातोय, मेंदूच दाद देत नाही. तिथे आणखी लेप्टिन टोचून फारसं काही हाती लागलं नाही.

पण काही थोड्या माणसांसाठी ते संजीवनीच ठरलं. १९९७ मध्ये केंब्रिजच्या स्टीफन ओराहिली आणि सदफ फारुकी यांच्या गटाला दोन चुलत-मावस भावंडं सापडली. आठ वर्षांची मुलगी, ८६ किलो. दोन वर्षांचा मुलगा, २९ किलो. दोघांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ नाहीच, म्हणजे माणसातले ओबी. मुलीला रोज लेप्टिन देऊ लागल्यावर वर्षभरात साडेसोळा किलो उतरले.

मला खरी थरारक वाटते ती याच गटाची २००७ ची तपासणी. लेप्टिनच नसलेल्या दोन तरुण पेशंटना स्कॅनरमध्ये झोपवून खाण्याच्या पदार्थांची चित्रं दाखवली. उपचाराआधी, नुकतंच जेवण झालेलं असतानासुद्धा, मेंदूतला बक्षिसाची ओढ लावणारा भाग चित्र दिसताच पेटायचा, आणि विचारलं तर जवळजवळ सगळेच पदार्थ आवडायचे. सात दिवस लेप्टिन दिल्यावर तो भाग उपाशी असतानाच पेटू लागला, जेवणानंतर शांत. वजनात म्हणावा तसा फरक पडायच्या आधीच हे झालं! आता 'तोंडावर ताबा' कुठे शोधायचा सांगा.

आणि हा नुसता पुस्तकी प्रश्न नाही. २००९ च्या डिसेंबरमध्ये फारुकींच्या गटाने अतिलठ्ठ मुलांमध्ये सोळाव्या क्रोमोसोमचा एक तुकडाच गायब असल्याचं दाखवलं. लेप्टिनचा निरोप पुढे नेणारं एक जीन त्यात होतं. यातल्या काही मुलांची नावं ब्रिटनच्या समाजसेवा खात्याच्या 'धोक्यातली मुलं' यादीत चढली होती. का, तर आई-बाप मुद्दाम चारतात असा संशय! जीन सापडलं म्हणून त्या आई-बापांवरचा डाग पुसला.

आता तुमच्या-आमच्यासारख्यांचं. आपल्यात असे मोठे बिघाड क्वचितच असतात, असतात ते बारीक फरक. २००७ मध्ये सापडलेल्या एफटीओ जीनमधला फरक दोन्ही बाजूंनी आला तर वजन सरासरी तीनेक किलो जास्त भरतं, आणि अशा पुरुषांमध्ये जेवणानंतर घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन नीट उतरत नाही असं २०१३ मध्ये लंडनमध्ये दिसलं. तो फरक मेंदूवर काम करतो की चरबीच्या पेशींवर, यावर वाद आहेत. आणि पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हेच जीन तपासलं, तर मधुमेहाशी नातं घट्ट निघालं, पण युरोपसारखं ते सगळं वजनातून येत नव्हतं. युरोपची आकडेमोड आपल्याकडे कॉपी-पेस्ट करता येत नाही. असो.

कोलमन आणि फ्रीडमन यांना २०१० मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. २०१४ मध्ये कोलमन गेले. त्यांच्या डीबीसारखी, म्हणजे रिसीव्हरच मोडलेली माणसं मात्र तोवर तशीच अडकून होती, कारण त्यांना लेप्टिन देऊन उपयोग नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत सेटमेलॅनोटाइड नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. ते मोडलेल्या रिसेप्टरच्या नादी लागतच नाही, साखळीतल्या पुढच्या कडीला थेट जाऊन निरोप देतं.