पांढऱ्या चिलखतातील चुका

१/
१९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’मधील पांढऱ्या चिलखतातले सैनिक, म्हणजेच स्टॉर्मट्रूपर, ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांनाही ओळखता येतात. हा धागा त्यांच्या कथेचा नाही, त्यांच्या चिलखताचा आहे. ते कोणी घडवले, आज त्याची प्रतिकृती सुट्या भागांतून कशी जोडली जाते, आणि ती जोडताना मूळच्या चुका जपण्याचा एवढा आग्रह का असतो, हे पाहू.

२/
चिलखत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लोखंडी कड्यांचे, अंगावर सैलसर पडणारे वस्त्र येते. हे चिलखत तसे नव्हे. ही प्लॅस्टिकची ताठ कवचे आहेत : शिरस्त्राण, छाती, पाठ, पोट, कंबर, खांदे, दंड, मनगट, मांड्या, पोटऱ्या. कडीचे चिलखत अंगाप्रमाणे वळते. ताठ कवच वळत नाही. म्हणून ते प्रत्येकाच्या अंगाला बेतावे लागते.

३/
आधी मूळ वस्तूचा इतिहास. जॉर्ज लुकास यांच्या कल्पनेतील हे सैनिक राल्फ मक्वॉरी या चित्रकाराने १९७४ ते १९७६ या काळात कागदावर उतरवले. पण चित्राला मागची बाजू नसते, जाडी नसते आणि त्यात माणसाला शिरायचेही नसते. चित्राची वस्तू करण्याचे काम इंग्लंडमधील कारागिरांकडे आले.

४/
शिरस्त्राणाचा मातीचा नमुना निक पेम्बर्टन यांनी केला. ट्विकनहॅम येथे अँड्रू एन्सवर्थ यांच्याकडे प्लॅस्टिकला आकार देणारे यंत्र होते. त्यावर त्यांनी आधी काही नमुने आणि लुकास यांच्या पसंतीनंतर ५० शिरस्त्राणे काढली. अंगावरच्या कवचांचे शिल्पकाम एल्स्ट्री स्टुडिओत ब्रायन म्यूर यांनी केले. म्यूर तेव्हा चोविशीच्या आसपासचे होते. म्हणजे हा धागा वाचणाऱ्या अनेकांच्याच वयाचे.

५/
वेळ अत्यंत थोडा होता. मार्च १९७६ मध्ये ट्युनिशियाच्या वाळवंटात चित्रीकरण सुरू झाले आणि तिथेच काही सैनिक उभे करायचे होते. चित्रपट जगभर गाजेल याची खात्री कोणालाच नव्हती. कारागिरांच्या दृष्टीने ही काही आठवडे टिकली तरी पुरेल अशी पडद्यावरची सामग्री होती.

६/
पद्धत समजून घ्यायला सोपी आहे. आधी मातीचे शिल्प, त्यावरून पक्का साचा. मग प्लॅस्टिकचा पत्रा तापवून मऊ करायचा, साच्यावर पसरायचा आणि खालून हवा शोषून घ्यायची. पत्रा साच्याला घट्ट बिलगतो आणि थंड होताच तो आकार धरून ठेवतो. याला व्हॅक्यूम फॉर्मिंग म्हणतात. हे काम झपाट्याने आणि स्वस्तात होते. मात्र साच्यातला प्रत्येक दोष प्रत्येक प्रतीत उतरतो.

७/
आणि दोष होतेच. शिरस्त्राणाच्या चेहऱ्याच्या दोन बाजू एकमेकींशी जुळत नाहीत. कानावरच्या टोप्या हाताने कापून बसवलेल्या. गालाजवळच्या निळ्या रेषा हाताने रंगवलेल्या, त्यामुळे एका शिरस्त्राणावरच्या रेषा दुसऱ्यावरच्या रेषांशी तंतोतंत जुळत नाहीत. पडद्यावर हे क्षणभरच दिसणार होते. चित्र थांबवून कोणी निरखत बसेल, असे १९७६ साली कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

८/
पुढे घरोघरी व्हिडिओ आले आणि लोक चित्र थांबवून निरखू लागले. १९९७ साली अमेरिकेत अल्बिन जॉन्सन यांनी ‘५०१वी लीजन’ ही हौशी वेशधारकांची संघटना सुरू केली. आज ती जगभर पसरली आहे; रुग्णालयांतील मुलांना भेटी देणे, मदतनिधी उभारणे अशी कामे ती करते. प्रत्येक वेशासाठी तिचे लिखित प्रमाण आहे. त्या कसोटीला वेश उतरला, तरच सदस्यत्व मिळते. स्टॉर्मट्रूपरसाठी तर त्याहून कडक अशा वरच्या पायऱ्याही आहेत.

९/
आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळू. संच येतो तो पांढऱ्या एबीएस प्लॅस्टिकच्या कवचांचा ढीग म्हणून. प्रत्येक तुकड्याभोवती पत्र्याचा जादा काठ असतो. तो वक्र कातरीने कापतात, किंवा धारदार सुरीने रेघ ओढून रेघेवर मोडतात आणि कडा पॉलिश पेपरने घासतात. कापलेले परत येत नाही, म्हणून पहिला काप नेहमी हवा त्याहून थोडा बाहेरून घ्यायचा.

१०/
दुसरा नियम : डिंकाआधी चिकटपट्टी. सगळे तुकडे आधी कागदी चिकटपट्टीने अंगावर जोडून पाहायचे, चालायचे, हात वर करायचे, आरशात पाहायचे. कवचे आतल्या काळ्या पोशाखावर घालायची असल्याने मापही तोच पोशाख अंगात ठेवून घ्यायचे. या पायरीवरची घाई पुढे महागात पडते.

११/
खरी अडचण शरीराची असते. चित्रपटातील कवचे एकाच साच्यांतून निघाली, तर ती घालणारी माणसे निरनिराळ्या बांध्यांची. उंची कमी असेल, तर मांडीचा वरचा आणि पोटरीचा खालचा काठ कापतात. अंग बारीक असेल, तर दंड व मांडीच्या मागच्या सांध्यातून प्लॅस्टिक कमी करतात, म्हणजे पुढचा तोंडवळा मध्यावरून सरकत नाही. अंग भरलेले असेल, तर कंबरेच्या कडेला जादा पट्टी घालून अंतर भरून काढतात.

१२/
सांध्यांचेही शास्त्र आहे. दोन अर्धी कवचे एकमेकांवर चढवत नाहीत. कडेला कड भिडवतात, आतून एक पट्टी लावतात आणि बाहेरून दुसरी पट्टी चिकटवून फट झाकतात. हौशी मंडळींनी चित्रपटातील वेश पाहून या पट्ट्यांची रुंदी ठरवली आहे : हातांना साधारण १५ मिलिमीटर, पायांच्या पुढच्या बाजूला २०, मागे २५. पोटरीचा मागचा सांधा उघडाच ठेवून वेल्क्रोने मिटवतात, नाहीतर पाय आत जाणार कसा?

१३/
डिंक निवडताना एक मोठा विचार असतो. झटपट धरणारा डिंक ठिसूळ असतो आणि चुकीचा जोड कायमचा करून टाकतो. म्हणून अनेक जण वाळल्यावरही लवचिक राहणारा, जोर लावून सोलता येणारा डिंक वापरतात. तो धरेपर्यंत सांधे लोहचुंबकांनी आणि चिमट्यांनी दाबून एक-दोन दिवस ठेवावे लागतात. वस्तुसंग्रहालयातील जतनकारही असाच नियम पाळतात : जे कराल ते शक्यतो पुढच्या माणसाला उलटवता आले पाहिजे.

१४/
कवचाचा बाक अंगाशी जमत नसेल, तर तो भाग उकळत्या पाण्यात धरून मऊ करतात, हवा तसा वळवतात आणि थंड पाण्यात बुडवतात. हीट गनने हे काम लवकर होते, पण क्षणभर जास्त झाले की प्लॅस्टिक सुरकुतते. चीर पडली, तर एबीएसचाच चुरा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेला लगदा भरतात आणि घासून सपाट करतात.

१५/
शेवटी सगळे अंगावर टांगायचे. आतल्या बाजूला टिचबटणे आणि इलॅस्टिकच्या पट्ट्या लावतात. छातीला खांदे, खांद्यांना दंड, पोटाला कंबर, कंबरेच्या पट्ट्याला मांड्या अशी साखळी तयार होते. इलॅस्टिक घट्ट झाले तर हात वर जात नाही. सैल राहिले तर कवचे एकमेकांवर आपटतात. हे जुळवायला अनेक फेऱ्या लागतात. आणि सगळे जमले तरी या वेशात आरामात बसता येत नाही.

१६/
या सगळ्या कामात सर्वांत मोठा मोह शिरस्त्राणापाशी होतो. डावा डोळा उजव्याशी जुळत नाही, कान तिरका वाटतो. हात आपोआप सरळ करायला जातो. पण जाणकार सांगतात, थांबा. सरळ केलेले शिरस्त्राण देखणे होईल, पण मग ते १९७६ सालचे राहणार नाही.

१७/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा सल्ला ओळखीचा वाटावा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात वि. सी. सुखटणकर यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची जी पद्धत घालून दिली (ते काम १९६६ साली पूर्ण झाले), तिच्या मुळाशी असाच प्रश्न होता : अनेक हस्तलिखितांतून जुना पाठ कसा ओळखायचा? पाठचिकित्सेचा एक प्रसिद्ध नियम असा, की अवघड पाठ बहुधा जुना असतो. कारण लेखनिक नकळत अवघडाचे सोपे करतो. सोप्याचे अवघड सहसा करत नाही.

१८/
तिरका कान हा त्या अर्थी ‘अवघड पाठ’ आहे. हस्तलिखितांची घराणी जशी सामाईक चुकांवरून लावतात, तशी प्रतिकृतींची घराणीही सामाईक दोषांवरून लावता येतात. प्रतीवरून साचा काढून पुन्हा प्रत काढली, की बारकावे बोथट होतात, मापेही थोडी बदलतात. नाकाजवळची एखादी कड किती तीक्ष्ण आहे, यावरून ती प्रत मूळापासून किती पिढ्या दूर आहे याचा अंदाज जाणकार बांधतात.

१९/
पण मग ‘मूळ’ म्हणजे नेमके कोणते? एबीएस प्लॅस्टिक काळाने पिवळे पडते. मूळ चिलखतांवरही तो पिवळेपणा चढला आहे. प्रतिकृती चित्रीकरणाच्या दिवशीची पांढरीशुभ्र करायची, की आज हाती असलेल्या अवशेषासारखी पिवळसर? बहुतेक जण पांढरी निवडतात. तो निर्णय चुकीचा नाही, पण तो निर्णय आहे. जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार करतानाही हाच प्रश्न पडतो.

२०/
याहून विलक्षण उदाहरण पुढच्या चित्रपटांचे. २००२ आणि २००५ सालच्या ‘स्टार वॉर्स’पटांतील क्लोन सैनिक संपूर्णपणे संगणकावर चितारले होते, त्यांचे घालता येईल असे चिलखत चित्रीकरणासाठी बनलेच नव्हते. तरीही हौशी मंडळींनी ते बनवले. संगणकातील सैनिकाला गुडघा वाकवताना प्लॅस्टिक टोचत नाही, माणसाला टोचते. इथे प्रत आहे, मूळ वस्तू नाही. त्या चिलखताला पहिले शरीर दिले ते प्रत काढणाऱ्यांनी.

२१/
आता या कथेतील खटला. २००४ साली एन्सवर्थ यांनी शिरस्त्राणे आणि चिलखते पुन्हा बनवून विकायला सुरुवात केली. लुकासफिल्मने दावा लावला. अमेरिकेतील न्यायालयाने एन्सवर्थ यांच्या गैरहजेरीत २ कोटी डॉलरचा निकाल दिला. मग वाद इंग्लंडमध्ये आला. शिरस्त्राणाची मूळ रचना आपली आहे, हे एन्सवर्थ यांचे म्हणणे इंग्लंडच्या न्यायालयाने २००८ साली मान्य केले नाही. मातीच्या नमुन्याचे श्रेय पेम्बर्टन यांच्याकडे गेले.

२२/
पण मुख्य प्रश्न वेगळाच होता : हे शिरस्त्राण कायद्याच्या दृष्टीने ‘शिल्प’ आहे का? शिल्प असेल, तर दीर्घ मुदतीचा स्वामित्वहक्क. नसेल, तर औद्योगिक रचनेला मिळणारे तुलनेने अल्प मुदतीचे संरक्षण. २७ जुलै २०११ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ते शिल्प नाही. चित्रपट ही कलाकृती. शिरस्त्राण हे ती घडवण्याच्या प्रक्रियेतील उपयोगाचे साधन. मात्र अमेरिकेतील हक्कभंगाबद्दल एन्सवर्थ यांच्यावर इंग्लंडमध्ये दावा चालू शकतो, असेही त्याच निकालात ठरले.

२३/
कायद्याच्या चौकटीत हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण त्याचा परिणाम पाहा. ज्यांनी मातीत बोटे घालून हे रूप घडवले, त्यांचे काम कायद्याच्या लेखी शिल्प ठरले नाही. आणि म्यूर यांचे नाव तर १९७७ च्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीतही नव्हते. मग त्यांच्या हाताची खूण उरली कुठे? ती उरली त्या न जुळणाऱ्या दोन बाजूंत. हातानेच केलेले असल्यामुळे ते तसे झाले.

२४/
म्हणून मिलिमीटरचा हा आग्रह मला केवळ हट्ट वाटत नाही. पट्टीची रुंदी मोजणारा, तिरका कान तिरकाच बसवणारा हौशी माणूस नकळत एका अनामिक कारागिराची सही जपत असतो. आणि पोटरीचा काठ आपल्या उंचीनुसार कापताना तो स्वतःचीही एक खूण त्यात सोडतो. चांगल्या प्रतीत या दोन्ही खुणा वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत : कोणती मूळची, कोणती आपली.

२५/
वाचकहो, पुढच्या वेळी एखादी जुनी मूर्ती, नाणे किंवा पोथी पाहाल तेव्हा तिच्यातील सुबक भागाआधी तिच्यातला ओबडधोबड भाग शोधा. आपल्या गावच्या देवळात, वाड्यात किंवा घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूत अशी घडवणाऱ्याची चूक तुम्ही पाहिली आहे का? असेल तर खाली जरूर लिहा, शक्य झाल्यास छायाचित्रासह. धागा इथेच संपवतो.