लिव्होनियाची आग आणि अंगणातील ट्रक

जुन्या ट्रकची स्वयंचलित गिअरपेटी घरच्या अंगणात बदलू पाहणारा अमेरिकन गृहस्थ ज्या पेचात सापडतो, त्याच पेचात १९५३ साली प्रत्यक्ष जनरल मोटर्स सापडली होती.

अर्ल थॉम्प्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेली हायड्रामॅटिक पेटी १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये प्रथम आली. क्लचचे पेडल गेले, त्याचे काम तेलाने पत्करले. महायुद्धात ती रणगाड्यांतही बसली. पुढे प्रतिस्पर्धी फोर्डची लिंकनसुद्धा हीच पेटी विकत घेई!

१२ ऑगस्ट १९५३ रोजी मिशिगनमधील लिव्होनियाचा हा कारखाना धातू कापण्याच्या ज्योतीच्या ठिणगीने पेटला. माणसे दगावली, आणि पेट्यांचा पुरवठा तुटला. तेव्हा कॅडिलॅकला ब्यूकची डायनाफ्लो, तर पॉन्टिॲकला शेवरोलेची पॉवरग्लाइड बसवावी लागली. भावंडे एकाच घरची. पण एकाचा जोडा दुसऱ्याच्या पायात सहजी जाईना. फेरफार करावे लागलेच.

१९५४ पासून शेवरोलेच्या लहान ट्रकांनाही हायड्रामॅटिक मिळू लागली. तसल्या ट्रकला आज १९६९ नंतरची टर्बो-हायड्रामॅटिक जोडायची, तर मूळ इंजिनाच्या पाठीची बोल्टांची भोके जुळत नाहीत; मध्ये जोडतबकडी घालावी लागते. मागचा दांडाही नव्या लांबीचा करून घ्यावा लागतो.

खरी कसोटी पुढेच. तेलाच्या जोराने शक्ती पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर पेटीच्या पंपात पुरता बसला पाहिजे. पेटी व इंजिन यांची तोंडे हातानेच भिडली पाहिजेत. ती बोल्ट आवळून ओढून आणली, की पंप फुटतो, आणि पेटी पुन्हा खाली.