वखार : जंगल, कायदा आणि गाव यांच्यामधील एक कौटुंबिक संस्था

मराठीतील ‘वखार’ या शब्दाच्या अर्थाचा प्रवास लक्षणीय आहे. सतराव्या शतकाच्या इतिहासात हा शब्द प्रामुख्याने युरोपीय कंपन्यांच्या व्यापारी ठाण्यांसाठी येतो. सुरतेची इंग्रजांची वखार किंवा १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी लुटलेली राजापूरची वखार ही त्याची परिचित उदाहरणे होत. ‘वखार महामंडळा’सारख्या सरकारी नावांत कोठार हा व्यापक अर्थ आजही टिकून आहे. लोकव्यवहारात मात्र वखार म्हणजे लाकडाची वखार, असे समीकरण रूढ झाले. हिंदी प्रदेशात ‘टाल’ आणि गुजरातेत ‘लाती’ या नावांनी हीच संस्था ओळखली जाते. पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाच्या हाती राहिलेली ही वखार परंपरागत व्यवसाय मानली जाते. तथापि, देशाच्या अंतर्भागातील गावोगावची वखार ही बव्हंशी आधुनिक वनकायद्याची निर्मिती आहे. तिचा उदय कायद्याने घडविला आणि पुढे तिला उतरती कळा लागण्यातही कायद्याचा मोठा वाटा होता.

वसाहतपूर्व काळातील गावगाड्यात सुताराला वखारीची फारशी गरज नव्हती. नांगर, गाडी, तुळया, चौकटी यांसाठी लागणारे लाकूड शेतबांधावरून, परसातून किंवा जवळच्या रानातून येई आणि बलुतेदार सुतार ते घडवून देई. मोठ्या प्रमाणावरचा लाकूडव्यापार होता तो मुख्यतः बंदरांवर. निलंबूरच्या जंगलातील साग चालियार नदीतून तरंगत कालिकतजवळच्या कल्लायी येथे पोहोचे. सुरतेचे जहाजबांधणी कारागीर लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईला आले. त्यांच्या वंशजांनी मलबारी सागातून १८१७ मध्ये बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अद्याप जतन केलेली आहे. सागाचे हे मोल ओळखूनच मलबारचे जिल्हाधिकारी कोनोली यांनी १८४० च्या दशकात निलंबूर येथे सागाची लागवड आरंभिली.

रेल्वेच्या आगमनाने लाकडाची मागणी एकदम वाढली. रुळांखालच्या स्लीपरांसाठी जंगले झपाट्याने तुटू लागली आणि त्यांच्यावर ताबा मिळविणे सरकारला अगत्याचे वाटू लागले. १८६४ मध्ये डीट्रिच ब्रँडिस हे पहिले वनमहानिरीक्षक झाले; १८६५, १८७८ आणि १९२७ या वर्षी वनकायदे संमत झाले. राखीव आणि संरक्षित अशा वर्गवारीमुळे गावाचे रान सरकारचे जंगल झाले. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात जंगलखात्यावर जी प्रखर टीका केली, तिचा संदर्भ हाच आहे.

वखारीचे स्थान नेमके येथे निश्चित झाले. सरकार लाकूड विकत असे ते आगारावर, लिलावाने आणि मोठ्या लाटांत. आलापल्ली आणि बल्लारशा ही नावे या संदर्भात महाराष्ट्राबाहेरही परिचित आहेत. लिलावात उभे राहण्यासाठी भांडवल हवे, ओंडक्यावर हातोड्याची सरकारी खूण हवी आणि माल हलविण्यासाठी वाहतुकीचा परवाना हवा. गावच्या सुताराला मात्र एखादी तुळई किंवा दोन फळ्या हव्या असत. घाऊक विकणारे सरकार आणि किरकोळ घेणारा कारागीर यांच्यातील हे अंतर वखारीने भरून काढले.

ही संस्था बहुधा कुटुंबाच्याच हाती का राहिली, याचे उत्तर लाकडाच्या स्वभावात सापडते. ओले लाकूड वापरता येत नाही. ते सावलीत, हवा खेळती ठेवून रचावे लागते आणि जाड मालाला सुकण्यास वर्षाहून अधिक काळ लागतो. तोवर भांडवल अडकून पडते. गिऱ्हाइकाकडील पैसाही सुगीनंतरच येणार. इतकी दीर्घ प्रतीक्षा पगारी व्यवस्थापनापेक्षा एकत्र कुटुंबाला अधिक साधणारी होती. दुसरे कारण कौशल्याचे. गोल ओंडक्याचे माप काढताना घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून त्याला लांबीने गुणण्याची पद्धत आहे. या हिशेबात प्रत्यक्ष घनफळाच्या सुमारे ७८.५ टक्केच माप भरते. उरलेला भाग कापणीतील छिलपे आणि भुसा यांच्यासाठी सोडलेला असतो. परंतु ओंडका आतून पोकळ आहे की भरीव, यावर खरा नफा-तोटा ठरे. ती पारख लहानपणापासून वखारीत वावरूनच येत असे. कच्छमधून बाहेर पडलेल्या कडवा पाटीदार कुटुंबांनी विसाव्या शतकात महाराष्ट्रापासून तामिळनाडूपर्यंत वखारी आणि आरागिरण्यांचे जाळे विणले, त्यामागे नातेसंबंधांतून मिळणारे भांडवल, उधारी आणि प्रशिक्षण होते.

गावाच्या दृष्टीने वखार हे केवळ दुकान नव्हते. चौकटीला साग, वाशांना ऐन, गाडीच्या चाकाला बाभूळ, हा सल्ला तेथेच मिळे. लग्नाच्या मांडवाचे बांबू तेथून येत, आणि घरात मृत्यू झाला की अवेळीही तिचेच दार ठोठावले जाई. उधारीचा आधार बहुधा तोंडी शब्द असे. त्याची नोंद मात्र रोजमेळ आणि खतावणीत चोख उतरे.

या विश्वासाच्या इतिहासाला दुसरी बाजू आहे, ती दृष्टिआड करता येणार नाही. वखारीतील लाकूड ज्या जंगलातून येई, त्याच जंगलातून सरपण किंवा गवत आणणे तेथील रहिवाशाला गुन्हा ठरू शकत होते. १९३० च्या जंगल सत्याग्रहात सांगली भागातील बिळाशीचे आणि कुलाबा जिल्ह्यातील चिरनेरचे लोक याच कायद्याविरुद्ध उभे राहिले. चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला. वखारवाल्यांनी हा कायदा केला नव्हता, परंतु त्यांचा व्यवसाय त्याच कायद्याने आखलेल्या चौकटीत उभा होता. गावाला उधार देणारी वखार आणि रानातल्या माणसाला बंद झालेले रान या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेची अंगे होत.

स्वातंत्र्योत्तर काळात ही चौकट आणखी आवळली गेली. १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि १९८८ चे राष्ट्रीय वनधोरण यांनी लाकडाचे उत्पन्न हे जंगलाचे प्रमुख प्रयोजन मानणे सोडले. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या बांधकामांत लाकूड वापरण्यावर बंदी घातली. ती २०२० मध्ये उठली. निलंबूरच्या कोविलकम घराण्यातील टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड यांनी गुडलूर परिसरातील जंगलतोडीविरुद्ध १९९५ मध्ये याचिका केली. तिच्यावरील १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने आणि ऑक्टोबर २००२ मधील आदेशांनी देशभरातील आरागिरण्यांचे परवाने सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आले. वसाहतकालीन सागलागवडीसाठी प्रसिद्ध झालेल्या निलंबूरशी नाते असलेल्या एका गृहस्थाच्या याचिकेने लाकूडव्यवसायाला नवी मर्यादा घालावी, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

या निर्बंधांमागे जंगल वाचविण्याचा हेतू होता आणि त्याची निकड नाकारता येत नाही. मात्र मागणी संपली नाही. ती प्लायवूडकडे आणि परदेशी लाकडाकडे वळली. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबविल्यावर सागासाठी अन्य देशांवरील भिस्त वाढली. आयात लाकडाचे मोठे प्रवेशद्वार ठरले ते कांडला बंदर. सागाची जंगले नसलेल्या ज्या कच्छमधून वखारवाली कुटुंबे देशभर पांगली, त्याच कच्छच्या किनाऱ्यावर आता परदेशी लाकूड उतरू लागले.

आज गावच्या मध्यवस्तीतील वखारीची जागा लाकडापेक्षा मोलाची झाली आहे. वाटण्या होतात, जागा विकल्या जातात आणि जुन्या वह्या रद्दीत जातात. ही हानी केवळ त्या कुटुंबांची नाही. कोणत्या वर्षी कोणत्या आळीत घरे उभी राहिली, दुष्काळात कोणाची उधारी थकली, कोणते लाकूड केव्हा बाजारातून नाहीसे झाले, याची नोंद जनगणनेत किंवा गॅझेटियरमध्ये क्वचितच मिळते; वखारीच्या खतावणीत ती मिळण्याची शक्यता आहे. वनखात्याचे दप्तर जंगल कसे तुटले ते सांगते. त्या लाकडाचे पुढे काय झाले, हे सांगणारे दप्तर वखारीतच आहे. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी आणि विद्यापीठांनी या वह्यांच्या जतनाकडे वेळीच लक्ष दिले, तरच हे दोन्ही पुरावे एकमेकांशेजारी ठेवून वाचणे शक्य होईल.